प्याला खाली ठेवल्यावर

दिवाळी अंकातले लिखाण खुसखुशीत असावे, असा संपादकांचा दरवर्षीचा आग्रह असतो आणि तो मला मान्यही असतो. चकलीच्या ताटलीशेजारी अंक उघडून बसलेल्या वाचकाला कोणी दुखणीखुपणी सांगू नयेत. पण यंदा श्रावणात आलेले एक पत्र टेबलावरून हलायला तयार नाही, आणि त्यातला प्रश्न एकट्या त्या पत्रलेखिकेचा असेल असेही मला वाटत नाही. तेव्हा या खेपेला फराळ इतर पानांवर शोधावा. या सदरात आपण जरा निराळे बोलू.

पत्र एका गृहिणीचे आहे. नावगाव अर्थातच सांगत नाही. यजमानांची दारू सुटून १४ महिने झाले. उपचार झाले, नोकरी टिकली, जिन्यात पावले वाजली की शेजारी आता दार लोटून घेत नाहीत. नातेवाईक म्हणतात, “सुटलीस बाई एकदाची!” आणि ही बाई मनातल्या मनात विचारते, मग घरात कोणी हसत का नाही? पूर्वी पिऊन येत, आरडाओरडा करीत आणि झोपी जात. आता झोपच नाही. भाजीत मीठ कमी, मुलाला गुण कमी, साहेबांनी पाहून न पाहिल्यासारखे केले. जे काही होईल त्याचा राग घरावर निघतो. नाहीतर दोन-दोन दिवस अबोला. पत्राच्या अखेरीस एक वाक्य वेगळ्या शाईत आहे. ते लिहिण्यापूर्वी त्या बराच वेळ थांबल्या असाव्यात. थोरली मुलगी परवा म्हणाली, की बाबा प्यायचे तेव्हा बरे होते.

हे वाचून त्या मुलीला कोणी कृतघ्न म्हणेल. मी म्हणणार नाही. मुले दिसते ते बोलतात. आणि तिला जे दिसले ते जगातल्या पुष्कळ जाणत्या माणसांनाही दिसले आहे. त्यांनी त्यावर विचार केला आहे, लिहिले आहे, आणि त्यातल्या एकाने तर ते स्वतः भोगले आहे. त्याची हकीकत पुढे येईलच.

दारूविषयी आपल्या मनात एक सोपी समजूत असते. चांगला माणूस होता, बाटलीने बिघडवला. बाटली काढून घेतली की चांगला माणूस जसाच्या तसा परत मिळेल. दातात अडकलेली सुपारी काढावी तसे! पण आपल्या गडकऱ्यांनीच ही समजूत खोडून ठेवली आहे. ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून आपण सिंधूसाठी डोळे पुसतो आणि तळीरामाला शिव्या देतो. सुधाकर पहिला प्याला कधी घेतो, इकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. तो बुद्धिमान वकील आहे, मानी आहे. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, काही काळापुरती सनद जाते, आणि तो अपमान त्याला गिळता येत नाही. प्याला त्यानंतर येतो. म्हणजे दुखावलेला अभिमान आधीचा आणि दारू मागाहूनची. उद्या सुधाकराच्या घरातली सगळी दारू मोरीत ओतली, तरी तो अपमान कुठे जाणार? तो तिथेच, त्याच खोलीत, त्याच्यासमोर बसून राहणार. आणि आता तो विसरायला हाताशी काहीच नाही.

पत्रलेखिका भगिनींच्या घरी जे चालले आहे ते यापेक्षा फार वेगळे नसावे. त्यातला काही भाग निव्वळ शरीराचा असतो, हे आधी सांगून टाकते. वर्षानुवर्षे दारूशी जुळवून घेतलेला मेंदू दारू बंद होताच पूर्वपदावर येत नाही. झोप बिघडणे, चिडचिड, उदासी हे कित्येक महिने रेंगाळते. त्यासाठी डॉक्टरांकडे जाण्यात संकोच नसावा. (आणि ज्यांच्या घरी अजून रोजचे भरपूर पिणे चालू आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे, की अशा माणसाची दारू शपथ घालून एका दिवसात तोडणे धोक्याचे आहे. आकडी येते, भ्रम होतो, जिवावरही बेतते. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.) पण शरीर सावरल्यावरही जे उरते, त्याला औषधाची गोळी पुरत नाही.

आता ती हकीकत. अमेरिकेत व्हर्माँट नावाच्या डोंगराळ राज्यात १८९५ साली बिल विल्सन जन्मला. दहा-अकरा वर्षांचा असताना आईवडील विभक्त झाले आणि मुले आजोळी राहिली. शाळेत असतानाच, १९१२ साली, त्याचे जिच्यावर प्रेम होते ती मुलगी शस्त्रक्रियेनंतर वारली. हा मुलगा उंच, किडकिडीत, लाजरा. चार माणसांत गेला की हात कुठे ठेवावेत हे न कळणारा. पहिल्या महायुद्धात फौजेत असताना एका घरगुती समारंभात कोणी पेला हाती दिला, आणि इतकी वर्षे आपल्यात आणि जगात उभी असलेली भिंत नाहीशी झाल्यासारखे त्याला वाटले. पुढची सतरा वर्षे तो ती भिंत रोज नव्याने पाडीत राहिला. शेअरबाजारात पैसा मिळवला, १९२९ च्या घसरणीत गमावला. सासऱ्यांच्या घरात राहायची पाळी आली. बायको लोइस दुकानात नोकरी करून घर चालवी.

नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर नावाचा जुना पिणारा मित्र घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पुढे केलेला पेला त्याने नाकारला. त्याने उपदेश केला नाही. आपण एकटे जिंकू शकत नाही हे कबूल केले, झालेल्या चुका दुसऱ्या माणसाजवळ बोललो, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करू लागलो, एवढेच सांगितले. डिसेंबरात बिल चौथ्यांदा इस्पितळात दाखल झाला, आणि त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे १९७१ पर्यंत, प्याला नाही. गंमत म्हणा की दैव म्हणा, निरोप घेऊन आलेला एबी मात्र पुढे अनेकदा घसरला. तरीही बिल अखेरपर्यंत त्यालाच आपला वाट दाखवणारा म्हणत असे.

पुढचे पुष्कळांना ठाऊक आहे. मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामात अपयश आल्यावर ॲक्रन शहरातल्या हॉटेलात बिल एकटा उभा होता. एका बाजूला दारूचा गुत्ता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला आणि आपल्यासारखाच कोणी पिणारा भेटवा, अशी विनंती करीत चर्चमागून चर्चला विचारीत गेला. शेवटी डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याची गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, ते कित्येक तास बसले. या दोघांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ म्हणजे ‘ए. ए.’ ही संघटना उभी राहिली. १९३९ साली तिची बारा पायऱ्यांची रीत पुस्तकात छापली गेली, आणि भारतात १९५७ पासून तिच्या सभा भरू लागल्या. भाबडेपणाचा आरोप या रीतीवर पुष्कळ झाला. पण २०२० साली जगभरातल्या अभ्यासांची छाननी झाली तेव्हा, दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत ही रीत इतर मानसोपचारांच्या तोडीची, कित्येकदा सरस ठरली.

मला सांगायचे आहे ते याच्या पुढचे. हजारोंना वाट दाखवणारा हा माणूस १९४४ च्या सुमारास स्वतः खोल उदासीत बुडाला. दहा वर्षांहून अधिक काळ ती येत-जात राहिली. कधीकधी दिवसाचा दिवस टेबलावर डोके टेकून तो बसून राही. बाहेर लोक त्याच्या नावाने उभे राहून टाळ्या वाजवीत. त्याने मानसोपचार घेतले म्हणून काही अनुयायी नाकही मुरडीत. दारू कधीचीच सुटली होती. मग हे काय होते?

जानेवारी १९५८ मध्ये ए. ए. च्या मासिकात त्याने याचे उत्तर लिहिले. माझ्या मते त्याच्या सगळ्या लिखाणात हा लहानसा लेख सर्वांत मोलाचा. त्याचा आशय असा: आम्ही जुनी मंडळी दारूच्या बाबतीत शहाणी झालो, भावनांच्या बाबतीत अजून पोरच आहोत. सर्वांनी वाहवा करावी, पुढचे सगळे सुरक्षित असावे, जिवाभावाच्या माणसाने आपल्या मनासारखेच वागावे, ही कोवळ्या वयातली मागणी आम्ही पिकल्या केसांनिशी करीत आहोत. ती पुरी होत नाही, कारण ती पुरी होण्यासारखीच नाही. मग आम्ही रागावतो, नाहीतर काळोखात जाऊन बसतो. आपण पूर्वी बाटलीवर भार टाकत होतो, तोच भार आता माणसांवर आणि परिस्थितीवर टाकला आहे, हे त्याला दिसले. यातून निघायची वाट त्याला मागण्याऐवजी देण्यात सापडली. प्रेम मिळेल तेव्हा मी बरा होईन, हे उलटे करून मी प्रेम करू लागेन तेव्हा बरा होईन, असा त्याचा रोख आहे.

भाजीतले मीठ आणि साहेबांचा नमस्कार आता नीट कळतो. साहेबांनी ओळख दाखवली नाही, ही गोष्ट चाळिशीतल्या माणसाच्या लेखी पाच मिनिटांची. पण ज्याने बाविसाव्या वर्षापासून प्रत्येक अपमान, प्रत्येक भीती, इतकेच काय प्रत्येक आनंदही पेल्यात बुडवला, त्याला या गोष्टी कोरड्या घशाने सोसण्याचा सरावच झालेला नसतो. पिण्यातून बाहेर आलेली जुनी मंडळी म्हणतात, की माणसाने प्यायला सुरुवात केली त्या वयात त्याचे मन थांबते. हे काही शास्त्रातले माप नव्हे. पण पंचेचाळीस वर्षांचा कर्ता पुरुष मुलाच्या गुणांवरून कॉलेजच्या पोरासारखा का आदळआपट करतो, हे यातून चटकन उमगते. त्याच मंडळींत अशा अवस्थेला ‘कोरडा दारुडा’ म्हणतात. दारू नाही, दारुड्याचा स्वभाव आहे. शब्द कठोर आहे खरा. ते तो स्वतःसाठी वापरतात म्हणून खपतो, बायकोने नवऱ्यासाठी वापरू नये.

मनाच्या या वाढीला ए. ए. ची माणसे आध्यात्मिक वाढ म्हणतात, आणि इथे आपल्याकडच्या सुशिक्षितांच्या कपाळावर आठी पडते. देव आला! वस्तुतः त्या बारा पायऱ्या लिहिताना हाच वाद झाला होता. त्यांच्यातच नास्तिक होते, त्यांनी हरकत घेतली, आणि ‘ज्याला जसा उमगेल तसा देव’ अशी वाट काढली गेली. पायऱ्या नीट वाचल्या तर त्यांत पूजाअर्चा फार थोडी आहे. आपल्या हातून काय काय झाले याची लेखी यादी करणे, ती एका माणसाजवळ उघड वाचणे, दुखावलेल्यांचे नुकसान शक्य तिथे भरून देणे, आणि रोज रात्री दिवसाचा हिशेब पाहून चूक झाली असेल तर लगेच कबूल करणे, हे खरे कष्टाचे काम. किराणा दुकानदार रोजमेळ लिहितो तसे.

बिलने १९६१ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडचे मनोवैद्य कार्ल युंग यांना पत्र लिहिले. युंग यांनी फार पूर्वी एका अमेरिकन रोग्याला स्पष्ट सांगितले होते, की वैद्यकाच्या हाती आता उपाय नाही, आतून पालटलास तरच वाचशील. तो निरोप तोंडोतोंडी बिलपर्यंत पोचला होता. युंग यांचे उत्तर त्याच महिन्यात आले. पिणाऱ्याची तहान ही पूर्णत्वाच्या तहानेचेच खालच्या पातळीवरचे रूप आहे, असे त्यांनी म्हटले. लॅटिनमध्ये आत्मा आणि मद्य या दोहोंना एकच शब्द आहे, याचीही त्यांनी आठवण दिली. आपल्याकडे स्पिरिट म्हटले की दवाखान्यातला कापसाचा बोळा आठवतो, पण मूळ तेच.

आपल्याला हे अगदीच परके नाही. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी माणसांची दारू गळ्यात तुळशीची माळ पडल्याने सुटली. माळ घातली की मांस-मद्य वर्ज्य. पण नुसत्या मण्यांनी ती सुटत नसते. माळेबरोबर सोबत मिळते: संध्याकाळच्या ज्या वेळी पाय गुत्त्याकडे वळत त्याच वेळी भजन, दर एकादशीला मंडळी, आषाढात वारी. त्या सोबतीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. मानी माणसाची मान तिथे आपोआप वाकायला शिकते. सोबत सुटून नुसती माळच उरली, की गळ्यात तुळस आणि जिभेवर निखारा असलेला माळकरीही आपण पाहिलेला असतो. त्याच्या सुनेला विचारावे!

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्याविषयी लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदत पुढे केली, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात काम उभे केले. त्या १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. काम चालू आहे. तिथेही घरी जाणे म्हणजे उपचार संपणे असे मानीत नाहीत. पाठपुराव्याच्या भेटी असतात, व्यसनमुक्तीचे वाढदिवस होतात, आणि पत्नींच्याही सभा घेतात. पत्नींना तिथे रोग्याची नातेवाईक म्हणून केवळ सूचना ऐकायला बसवीत नाहीत. त्यांचे स्वतःचे दुखणे असते, हे धरून चालतात.

यावरून लोइसकडे वळते, कारण आपल्या पत्रलेखिकेची खरी मैत्रीण तीच. सतरा वर्षे तिने नवऱ्याला सावरले, निजवले, त्याच्या खोट्या रजा कळवल्या. मूल झाले नाही. आपल्या प्रेमाने हा सुधारेल, ही तिची एकच आस. आणि सुधारला तो कोणाच्या सांगण्याने? एका मित्राच्या! काही महिन्यांनी एके दिवशी बिल सहज म्हणाला, चल लवकर, सभेला उशीर होतोय. तिने हातातला बूट त्याच्या दिशेने भिरकावला. तुझ्या त्या सभा घाल चुलीत, अशा अर्थाचे काहीसे म्हणाली. मागाहून ती स्वतःच चकित झाली. नवरा शुद्धीवर आहे, सुखाचे दिवस आले आहेत, मग हा संताप कुठून आला? तिला उमगले ते असे, की नवऱ्याला सांभाळणे हेच तिचे जगणे होऊन बसले होते. ते काम गेले, ते दुसऱ्यांनी केले, आणि हात रिकामे राहिले. त्या बुटातून पुढे पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांच्या सभा निघाल्या. १९५१ साली त्यांची ‘अल-अनॉन’ ही संघटना झाली.

भगिनी, आता तुम्हालाच विचारते, आणि राग मानू नका. यजमान दहा मिनिटे उशिरा आले की तुम्ही अजून दारातच श्वास हुंगता का? पगाराचा हिशेब, मुलांच्या शाळेचे निर्णय, नातेवाइकांशी बोलणे, हे सगळे त्या वर्षांत तुमच्याकडे आले. त्यातले थोडेतरी परत दिलेत का? दिले नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. जळालेला माणूस ताकही फुंकून पितो. पण घरात एक जण वयाने वाढू पाहत असेल आणि दुसऱ्याला त्याला आजारीच धरून चालण्याची सवय लागली असेल, तर दोघांचीही वाढ अडते. अबोला धरला तर त्यांची मनधरणी करीत बसू नका. जेवायला वाढा आणि आपल्या कामाला लागा. भजन, शिवणाचा क्लास, सकाळचे फिरणे, १४ महिन्यांपूर्वी नव्हे, १४ वर्षांपूर्वी तुम्ही काय सोडून दिले होते ते आठवा.

मुलीचे तेवढे निराळे आहे. ‘बाबा प्यायचे तेव्हा बरे होते’ हे बाबांना कळवायचे की नाही, असे तुम्ही विचारले आहे. रागाच्या भरात तिच्या तोंडून फेकायचे हे वाक्य नव्हे, पण दडपून ठेवण्यासारखेही नव्हे. यजमान सभेला जात असतील तर त्यांच्या तिथल्या एखाद्या वडीलधाऱ्या सोबत्याच्या मदतीने ते त्यांच्यापर्यंत जाऊ द्या. आणि ते पोचल्यावर त्यांनी मुलीला बसवून क्षमेचे भाषण करू नये, असे कोणीतरी त्यांना सांगावे. भाषणे तिने पिण्याच्या दिवसांत पुष्कळ ऐकली असणार. दर सोमवारी शपथ. नुकसान शब्दांनी भरत नसते. तिच्या शाळेच्या कार्यक्रमाला वेळेवर जाऊन शेवटपर्यंत बसणे, आवाज चढला तर त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, ‘आज माझे चुकले’ एवढे तीन शब्द बोलून खोलीबाहेर पडणे, हे वर्षभर केले म्हणजे काय ते दिसेल. ती लगेच विश्वास ठेवणार नाही. तिनेही ठेवू नये. तिच्या विश्वासाचा वेळ तिचा आहे.

दिवाळीचे दिवस अशा घरांना कठीण जातात, म्हणून हे आत्ताच लिहिले. हाती बोनस असतो, पत्त्यांचे डाव रंगतात, आणि कोणी मेव्हणा ‘आज सणाचे एवढे चालते’ म्हणतोच. यजमानांना जिथे जायला नको वाटते तिथे यंदा जाऊ नका. लोक काय म्हणतील ते तुळशीच्या लग्नापर्यंत विसरतील. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे चार चोर जुनी मंडळी ओळखून असतात, तेव्हा जेवणाची आणि झोपेची वेळ सणातही ढळू देऊ नका. आणि तुम्ही स्वतः मात्र कुठेतरी जा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून घरच्या माणसांच्या अल-अनॉन सभा भरतात. फी नसते, पूर्ण नाव कोणी विचारीत नाही. बोलायला जमले नाही तर मागच्या खुर्चीवर नुसते बसून ऐकले तरी चालते.